ब्रेकमधील हवा

इचलकरंजीच्या इतिहासाची दप्तरे घोरपडे जहागीरदारांच्या सनदांनी भरलेली असली, तरी 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग बसविल्यापासून पंचगंगेकाठच्या या वस्तीचे खरे वैभव यंत्राची नाडी ओळखणाऱ्या हातांत राहिले, असे माझे स्पष्ट मत आहे. माग लावणारा जॉबर आणि मोटार दुरुस्त करणारा मिस्त्री हे मी एकाच बिरादरीचे मानतो; कारण सुताच्या गाठी आणणारी आणि कापडाचे तागे मुंबईस पोहोचविणारी मोटार खंबाटकी, कात्रज आणि खंडाळ्याचे घाट सुखरूप उतरली, तरच येथील माग चालत राहणार.

आरंभीच्या मोटारींचे ब्रेक सळया आणि तारा यांनी ओढले जात. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने 1917 साली द्रवदाबाच्या ब्रेकचे पेटंट मिळविले, 1921 साली ड्यूझेनबर्ग मोटारीने ते चारही चाकांना लावले, आणि पुढे मुंबईत महिंद्रांनी जोडलेल्या विलिस जीपबरोबर व वालचंद हिराचंद यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाटबरोबर हीच रचना आपल्याकडील मिस्त्र्यांच्या पदरी पडली. या ब्रेकमध्ये पेडलचा दाब तेलातून चाकापर्यंत जातो; द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. म्हणून वॉशर झिजून, नळी उघडून अथवा ब्रेकतेलाच्या टाकीतील तेल उतरून आत हवा शिरली की पेडल मऊ लागते, आणि पायाचे सारे बळ चाकापर्यंत न जाता त्या बुडबुड्यांतच खर्ची पडते.

ती हवा काढण्याचा शिरस्ता दोन माणसांचा. एकाने बसून पेडल मारायचे, दुसऱ्याने पाना घेऊन चाकाखाली शिरायचे, आणि ब्रेकमधील हवा सोडण्याच्या निपलला लावलेल्या नळीचे टोक तेल भरलेल्या बाटलीत बुडवून ठेवायचे. ‘मार, मार, आता धर!’ असा हुकूम खालून सुटतो, वरून ‘धरलंय!’ असा जबाब आल्यावाचून निपल सैल करायचा नाही, आणि निपल आवळल्यावाचून वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर बाहेर गेलेली हवा पुन्हा आत ओढली जाते. आरंभ बहुधा पेडलशी जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूर असलेल्या चाकाने. मध्येच टाकी रिती झाली, तर सारी मेहनत मुळापासून! आणि कोणी अडाण्याने टाकीत इंजिनाचे तेल ओतले, तर रबरी वॉशर फुगून ब्रेक जखडतात, ते वेगळेच.

ब्रेकचे नेहमीचे तेल हवेतील आर्द्रता शोषते. मग लांब उतारावर ब्रेक तापून त्या पाण्याची वाफ झाली, म्हणजे हवा न शिरताही पेडल तळास जाते. आता यंत्राने दाब देऊन हे काम एकट्यालाही साधते, आणि एबीएस असलेल्या काही गाड्यांना संगणक जोडावा लागतो. तथापि ज्यांच्या दारी जुनी जीप अद्याप उभी आहे, त्यांनी घाटास निघण्यापूर्वी पेडल तपासावे, आणि बाटलीत उतरलेले तेल मिस्त्रीस पुन्हा टाकीत ओतू देऊ नये.