उज्जयिनीतील दोन खटले

‘मृच्छकटिका’ची चर्चा आपल्याकडे बहुधा चारुदत्ताचे औदार्य, वसंतसेनेचे प्रेम आणि शकाराचा मूर्खपणा यांच्या अनुरोधाने होते. देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणल्यापासून तर ते आपणांस त्यातील पदांमुळेच अधिक जवळचे झाले. परंतु या नाटकाचा नववा अंक हा खुनाच्या खटल्याचा अंक आहे. आरोप सिद्ध होण्यास पुरावा किती व कसा असावा, हा त्या अंकाचा खरा प्रश्न होय. तो खटला उज्जयिनीत चालतो. त्याच नगरीत २००६ साली एका प्राध्यापकाच्या मृत्यूवरून दुसरा खटला उभा राहिला. पहिल्यात निरपराध्यास दोषी ठरविले गेले. दुसऱ्यात कोणावरच दोष शाबीत झाला नाही. निकाल परस्परविरुद्ध असले, तरी दोहोंतही न्याय एकाच जागी अडला, असे आम्हांस वाटते. ती जागा दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चारुदत्ताविरुद्धचा पुरावा प्रथम पाहू. पुष्पकरंडक उद्यानात शकार वसंतसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजून तिला पाचोळ्याखाली झाकतो आणि स्वतःच फिर्यादी होऊन न्यायमंडपात येतो. वसंतसेनेची आई सांगते, की कन्या चारुदत्ताच्या घरी गेली होती. वीरक हा नगररक्षक सांगतो, की ती चारुदत्ताच्या गाडीतून उद्यानाकडे जात होती. त्यास उद्यानात पाठविले असता तो स्त्रीचे प्रेत पाहिल्याचे सांगतो. शेवटी मैत्रेयाच्या काखेतून वसंतसेनेचे अलंकार भर सभेत खाली पडतात. यापेक्षा भक्कम पुरावा तो कोणता?

आता एकेक कडी तपासून पाहावी. आईचे म्हणणे खरे आहे. वीरकही लबाड नाही. परंतु गाडीत कोण आहे हे त्याने पाहिलेलेच नव्हते. तो आत डोकावणार, तोच चंदनकाने त्यास लाथ मारली. गाडीवानाचे शब्द तेवढे त्याच्या कानी आले होते आणि गाडीत वसंतसेना नसून आर्यक होता. प्रेत खरे, पण ते दुसऱ्याच स्त्रीचे. अलंकार खरोखर वसंतसेनेचे. पण ते तिने रोहसेनाच्या मातीच्या गाडीत आपल्या हातांनी घातलेले. म्हणजे शकार वगळता जवळजवळ कोणीही जाणूनबुजून खोटे बोललेले नाही, आणि तरीही निष्कर्ष सर्वस्वी खोटा आहे. खऱ्या गोष्टींची रास म्हणजे सत्य नव्हे, हे नाटककाराने येथे कसलाही उपदेश न करता दाखविले आहे.

तेथील न्यायाधीश दुष्ट नाही. चारुदत्ताच्या हातून असे कृत्य घडेल, हे त्याच्या मनास पटत नाही. शिक्षा सांगतानाही तो निर्वासनच सुचवितो. वधाची आज्ञा राजा पालकाची आहे. पण हा न्यायाधीश भ्यालेला आहे. त्या दिवशी फिर्याद ऐकण्याचे तो प्रथम नाकारतो, तेव्हा राजाचा मेहुणा त्यास पदावरून काढविण्याची धमकी देतो आणि फिर्याद ऐकली जाते. ‘मी नव्हे’ असे शब्द शकाराच्या तोंडून निसटतात, ते लिहिले जातात, आणि शकार ते पायाने पुसून टाकतो. पुसलेली ती अक्षरे कोणीही पुन्हा लिहीत नाही.

आजच्या न्यायशास्त्रापुढे हा पुरावा टिकला नसता. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये हनुमंत नरगुंदकर यांच्या अपिलात परिस्थितीजन्य पुराव्याची कसोटी सांगितली. नागपूर उच्च न्यायालयाकडून आलेले ते प्रकरण खुनाचे नव्हते. परंतु त्यातील तत्त्व पुढे असंख्य खुनांच्या खटल्यांत आधारास घेतले गेले. पुराव्याची साखळी अखंड हवी आणि आरोपीच्या निरपराधित्वाशी जुळेल असे कोणतेही सयुक्तिक अनुमान शिल्लक राहता कामा नये, असे ते तत्त्व. पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यात १९८४ साली न्यायमूर्ती फजल अली यांनी हीच कसोटी पाच सूत्रांत मांडून त्यांस पंचशील म्हटले, आणि फाशीची शिक्षा झालेला आरोपी त्या खटल्यात सुटला. चारुदत्तास असे न्यायालय लाभते, तर त्यास वधस्तंभाची वाट चालावी लागली नसती.

परंतु कसोटी कडक झाल्याने प्रश्न संपत नाही. २६ ऑगस्ट २००६ रोजी उज्जैनच्या माधव महाविद्यालयात विद्यार्थिसंघाच्या निवडणुकीवरून गोंधळ उसळला. राज्यशास्त्राचे विभागप्रमुख प्रा. हरभजनसिंग सभरवाल यांस त्यात मारहाण झाली व त्यांचा मृत्यू ओढवला. त्या दिवसाची दृश्ये दूरचित्रवाणीवरून देशभर दिसली. सहा जणांवर खटला भरण्यात आला. उज्जैनला साक्षी सुरू झाल्या आणि साक्षीदार फिरू लागले. तेव्हा प्राध्यापकांच्या चिरंजीवांनी सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली आणि २००८ मध्ये खटला मध्यप्रदेशाबाहेर, नागपूरच्या सत्र न्यायालयाकडे वर्ग झाला. जुलै २००९ मध्ये तेथे सर्व आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली.

जे न्यायालयात शाबीत झाले नाही ते लेखणीने शाबीत करण्याचा अधिकार आम्हांस नाही. साक्षीदार कशामुळे फिरले याचा तर्क करणे हेही आमचे काम नव्हे. आम्ही लक्ष वेधतो ते एवढ्याचकडे, की खटल्याची जागा बदलता येते, न्यायाधीश बदलता येतो. परंतु साक्षीदार त्या गावचा तो त्याच गावचा राहतो. निकाल लागल्यावर त्यास तेथेच परतावयाचे असते.

येथे पुन्हा त्या नाटकाकडे वळावे लागते. वसंतसेना शकाराबरोबर उद्यानात होती हे सांगू शकणारा मनुष्य उज्जयिनीत होता. तो शकाराचा गाडीवान स्थावरक. खटला चालू असता तो धन्याच्या वाड्यावर बेड्यांत होता. दहाव्या अंकात तो वरून उडी टाकून खरे सांगतो. शकार हळूच त्यास सोन्याचे कडे देऊ करतो. तो ते सर्वांस दाखवितो. आणि शकार म्हणतो, याच चोरीपायी मी यास बांधले होते. लोक दासाच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाहीत. चारुदत्त वाचतो तो साक्षीमुळे नव्हे, वसंतसेना जिवंत परत येते म्हणून. नाटकात मेलेले माणूस परत येऊ शकते. खटल्यात ते येत नाही.

म्हणून पुराव्याची पुरेशी मात्रा हा प्रश्न केवळ न्यायाधीशाचा नाही. साक्षीदारांची संख्या कायदा मोजीत नाही; १८७२ च्या पुरावा कायद्याने तसे स्पष्टच सांगितले होते. एक निर्भय साक्षीदार पुरतो, दहा भ्यालेले पुरत नाहीत. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये देशास लागू केली आणि २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेने अशी योजना आखणे राज्यांचे कर्तव्य ठरविले. हे उचित झाले, पण ते उशिरा झाले.

मृत्यू झाला तो एका शिक्षकाचा, आणि तो विद्यालयाच्या आवारात. नववा अंक शिकविताना शकाराच्या विनोदावर वर्ग हसतो, ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याने पायाने पुसलेल्या अक्षरांपाशी शिक्षकाने क्षणभर थांबावे, आणि ती अक्षरे पुन्हा लिहिण्यास त्या सभेत कोणी का उठले नाही, हे विद्यार्थ्यांस विचारावे. पुढे साक्षीस उभे राहण्याची वेळ त्यांच्यापैकीच कोणावर तरी यावयाची आहे.