स्निग्धतेवरचा आरोप : एका गृहीतकाचा इतिहास

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या स्त्रीला भेटावयास येणारी माणसे बहुधा एक प्रश्न घेऊन येतात. कधी तो उच्चारला जातो, कधी नजरेतच राहतो : खाण्यापिण्यात काही चुकले का? परिचयाच्या घरांतून हा प्रश्न आम्ही अनेकदा ऐकला आहे. काही दिवसांनी ती स्त्री स्वतःच तो स्वतःला विचारू लागते, हेही पाहिले आहे. तूप, लोणी, वनस्पती तूप, तळणीचे पदार्थ अशी संशयितांची यादी तयारच असते. हा प्रश्न आला कोठून, याचा मागोवा घेताना असे दिसले की त्याचे आजचे रूप फार जुने नाही. त्यामागे विसाव्या शतकातील एक गृहीतक आहे आणि त्या गृहीतकाचा चढउतार कोणत्याही वाङ्मयीन वादाइतकाच उद्बोधक आहे.

प्रारंभी या रोगाच्या चर्चेत आहाराला विशेष स्थान नव्हते. अठराव्या शतकाच्या आरंभी इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामात्सिनी याने जोगिणींच्या मठांत हा रोग अधिक आढळतो, अशी नोंद केली आणि त्याचा संबंध त्यांच्या ब्रह्मचर्याशी जोडला. पुढे १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या विदुषीने सुमारे ५०० रुग्ण स्त्रिया आणि तितक्याच निरोगी स्त्रिया यांची पद्धतशीर विचारपूस केली. रोग झालेल्या स्त्रियांत उशिरा विवाह झालेल्या, कमी अपत्ये असलेल्या आणि अंगावर कमी पाजलेल्या स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. रोगकारणांच्या अभ्यासात आज सर्रास वापरली जाणारी ही तुलनापद्धती प्रथम नीट राबविण्याचे श्रेय तिला दिले जाते. तिचे प्रश्न स्त्रीच्या आयुष्यक्रमाविषयी होते, हे येथे लक्षात ठेवावे.

स्निग्ध पदार्थ या कथेत आले ते उंदरांच्या पिंजऱ्यातून. १९४२ साली शिकागोच्या आल्बर्ट टॅनेनबॉम यांनी दाखवून दिले की आहारातील स्निग्धांश वाढविल्यास उंदरांच्या माद्यांना स्तनाच्या गाठी अधिक होतात. एकूण अन्नच कमी दिल्यास गाठी कमी होतात, हेही त्यांनीच दाखविले होते. म्हणजे दोष स्निग्धांशाचा की अतिरिक्त उष्मांकांचा, हा पेच पहिल्याच पावलावर उभा होता.

गृहीतकाला खरी प्रतिष्ठा दिली ती एका आलेखाने. १९७५ साली कॅनडाच्या केनेथ कॅरोल यांनी आडव्या अक्षावर प्रत्येक देशातील दरडोई स्निग्धांश आणि उभ्या अक्षावर स्तनाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मांडले. थायलंड, जपान खाली डावीकडे. डेन्मार्क, नेदरलँड्स, ब्रिटन वर उजवीकडे. मधले देश जणू आखल्यासारखे एका रेषेत. त्याच वर्षी ब्रूस आर्मस्ट्राँग आणि रिचर्ड डॉल यांनाही असाच सहसंबंध आढळला. जपानमधून अमेरिकेत गेलेल्या कुटुंबांत पिढीगणिक हा रोग वाढत जातो, हे ठाऊक झालेच होते. तेव्हा कारण रक्तात नसून राहणीत आहे, हे उघड झाले. आणि राहणी म्हणजे आहार, आहार म्हणजे स्निग्धांश, असा अर्थ लावला गेला.

या आलेखाकडे एखाद्या संहितेकडे पाहावे तसे पाहिले पाहिजे. आडव्या अक्षावरचे आकडे कोणत्याही स्त्रीच्या ताटातले नाहीत. देशात उपलब्ध झालेले स्निग्ध पदार्थ लोकसंख्येने भागून ते काढलेले आहेत. ज्या देशांत लोणी आणि मांस अधिक, त्याच देशांत मुली लवकर वयात येतात, त्यांची उंची अधिक भरते, त्या उशिरा आणि थोड्या वेळा बाळंत होतात, थोडेच दिवस अंगावर पाजतात. यांपैकी प्रत्येक गोष्ट स्तनाच्या कर्करोगाशी निगडित आहे. रेषा स्निग्धांशाची दिसते, पण तिच्यात अख्खी समृद्ध समाजरचना दडलेली आहे. आर्मस्ट्राँग आणि डॉल यांनी स्वतःच बजावले होते की असे सहसंबंध पुढील संशोधनाची दिशा सुचवितात, कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहीत. आलेख मात्र लक्षात राहिला आणि इशारा मागे पडला. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने एकूण उष्मांकांतील स्निग्धांशाचा वाटा ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणावा, अशी शिफारस केली.

त्यानंतर साक्षीला आल्या त्या स्त्रियाच. अमेरिकेतील ११ राज्यांतल्या १,२१,७०० परिचारिका १९७६ पासून टपालाने आलेल्या प्रश्नावल्या भरून पाठवीत होत्या. १९८० साली त्यांना आहाराविषयी विचारले गेले. वॉल्टर विलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ८९,५३८ परिचारिकांचा चार वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांत ६०१ जणींना रोग झाला होता. पण अधिक स्निग्धांश खाणाऱ्यांत त्याचे प्रमाण अधिक नव्हते. आक्षेप लगेच आला : कमीत कमी स्निग्धांश खाणाऱ्या गटातही तो ३२ टक्के होता, मग जपानी स्त्रियांशी तुलना कशी व्हावी? आक्षेप रास्त होता. त्याचे बरेचसे उत्तर १९९६ साली मिळाले. सात अभ्यासांतील ३,३७,८१९ स्त्रियांची माहिती एकत्र केली असता २० टक्क्यांहून कमी स्निग्धांश खाणाऱ्यांतही धोका घटलेला दिसला नाही.

तरीही प्रश्नावलीत माणसे आपले खाणे खरे सांगतात काय, ही शंका उरलीच. म्हणून १९९३ पासून अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या, रजोनिवृत्त झालेल्या ४८,८३५ स्त्रियांवर प्रयोग हाती घेण्यात आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाला पहिल्या वर्षी १८ बैठकांतून आहार बदलण्यास शिकविले; लक्ष्य होते २० टक्के स्निग्धांश. पहिल्या वर्षाअखेर तो २४.३ टक्क्यांवर आला. सहाव्या वर्षी पुन्हा २८.८ टक्क्यांवर चढला. ज्यांनी स्वयंपाकघर चालविले आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटू नये. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आठ वर्षांत या गटात रोगाचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी कमी होते, परंतु तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. २०२० साली सुमारे वीस वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला, तेव्हा या रोगाने होणारे मृत्यू मात्र २१ टक्क्यांनी कमी आढळले. हे श्रेय स्निग्धांशाच्या कपातीचे, की तिच्यासोबत वाढलेल्या फळे-भाज्यांचे व घटलेल्या वजनाचे, हे या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. रजोनिवृत्तीनंतरचा लठ्ठपणा धोका वाढवितो, हे मात्र आज निश्चित आहे; कारण त्या वयात शरीरातील मेदच इस्ट्रोजेन तयार करीत असतो. ताटातील स्निग्धांश आणि अंगावरचा मेद या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि भाषेतील एकाच 'चरबी' शब्दाने त्यांची गल्लत होत आली आहे.

आपल्याकडील नोंदीही याच दिशेने बोलतात. १९६३ साली मुंबईत सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीत पारशी स्त्रियांमध्ये या रोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक आढळले; उशिरा होणारे विवाह आणि मोजकी अपत्ये ही त्या समाजाची वैशिष्ट्ये. १९८७ पासून बार्शीच्या ग्रामीण भागात नोंदणी होऊ लागली, तेव्हा तेथील प्रमाण मुंबईहून बरेच कमी दिसले. मुंबई आणि बार्शी यांच्यातील अंतर केवळ तेलातुपाचे आहे, असे कोण म्हणेल?

आम्हांला या इतिहासात एक गोष्ट विशेष वाटते. लेन-क्लेपन यांनी विचारलेले प्रश्न स्त्रीच्या शिक्षणाशी, विवाहाशी, मातृत्वाशी, म्हणजे समाजाच्या घडणीशी जाऊन भिडत होते. त्या उत्तरांवर वैद्याजवळ सोपा उपाय नव्हता. मुलींनी लवकर लग्ने करावीत, असे कोणी शहाणा सांगणार नव्हता. स्निग्धांशाचे उत्तर मात्र स्वयंपाकघरात मावत होते. ते सल्ला म्हणून देता येत होते आणि न पाळल्यास त्याचा दोषही देता येत होता. म्हणूनच, आमच्या मते, पुराव्याने जितका आधार दिला त्याहून ते अधिक काळ टिकले. देशोदेशींच्या सरासरींतून काढलेली रेषा अखेर एकेका बाईच्या ताटापर्यंत येऊन पोहोचली.

बेताने जेवावे, वजन आटोक्यात ठेवावे, मद्य टाळावे, गाठ जाणवताच विलंब न करता तपासून घ्यावे, हे सांगण्यास आजही पुरेसा आधार आहे. पण निदान झालेल्या स्त्रीच्या उशाशी बसून तिच्या तुपाचा हिशेब विचारण्यास नाही. हजारो परिचारिकांनी वर्षानुवर्षे कागद भरून जे सांगितले, ते आपल्या घरांपर्यंत अजून पोहोचावयाचे आहे. भेटावयास जाताना निदान तो प्रश्न उंबऱ्याबाहेर ठेवता आला, तरी पुष्कळ झाले.