पुण्याचे गणित, दिल्लीची हवा

दिल्लीच्या हवेचा इतिहास बहुधा धुराच्या अंगाने सांगितला जातो. त्याला मोजमापाचीही एक बाजू आहे. ज्या काळात जे मोजता आले, त्याच्यावरच त्या काळातील न्यायालये आणि सरकारे निर्णय घेऊ शकली. आज मशीन लर्निंगचा जो बोलबाला आहे, तो या दीर्घ इतिहासातील एक टप्पा आहे आणि मागचे टप्पे समजून घेतल्याखेरीज त्याचे मोल कळत नाही.

भारतात हवेच्या गुणवत्तेचे राष्ट्रीय मोजमाप १९८४-८५ मध्ये आग्रा आणि अनपरा येथील अवघ्या सात केंद्रांवर सुरू झाले. पद्धत साधी होती. पंप ठरावीक वेळ हवा ओढी, धूळ गाळणकागदावर साचे आणि कागदाचे आधीचे व नंतरचे वजन ताडून प्रदूषण काढले जाई. आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ दिवस हे मोजमाप व्हावे, असा दंडक होता. त्यातून वर्षाची सरासरी कळे. उद्याच्या हवेविषयी मात्र काहीच सांगता येत नसे. १९८५ साली एम. सी. मेहता यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला. २००२ अखेर तो बदल पूर्ण झाला, तोपर्यंतची मोजमापाची साधने प्रामुख्याने याच जातीची होती.

नोव्हेंबर २००९ मध्ये पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी राष्ट्रीय मानक ठरले : चोवीस तासांची सरासरी प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. पुढच्याच वर्षी राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा दिल्लीत भरल्या. धावपटूंना कालच्या हवेचा अहवाल काय कामाचा? त्यांना उद्याचा अंदाज हवा होता. हे काम पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने अंगावर घेतले. गुफ्रान बेग यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या प्रणालीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळून ‘सफर’ हा मराठी कानाला ओळखीचा शब्द तयार झाला. पुढे हीच प्रणाली पुणे, मुंबई आणि अहमदाबादलाही आली.

‘सफर’ने तीन गोष्टी एकत्र आणल्या : अखंड मोजणारी केंद्रे, वाहने, चुली, कारखाने यांतून काय किती बाहेर पडते याची नोंदवही आणि वातावरणाचे भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र संगणकावर सोडवणारे प्रतिमान. अखंड मोजणीसाठी बीटा किरणांचा उपयोग होतो. फितीवर धूळ जितकी दाट, तितके किरण कमी पार होतात. त्या घटीवरून धुळीचे वस्तुमान निघते. तराजूची जागा अशा संवेदकाने घेतली आणि आकडे तासातासाला येऊ लागले.

नोव्हेंबर २०१६ च्या दाट धुरक्याने पुढचे पाऊल उचलणे भाग पाडले. जानेवारी २०१७ मध्ये टप्प्याटप्प्याने निर्बंध लावणारी कृती योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्याच्याच संस्थेने विकसित केलेली पूर्वसूचना प्रणाली दिल्लीत कार्यान्वित झाली. तिचे प्रतिमान पुढे दिल्लीसाठी ४०० मीटर इतक्या बारीक चौकटींपर्यंत पोहोचले. उपग्रहांची आणि जमिनीवरील केंद्रांची निरीक्षणे त्यात सतत मिसळली जातात, जेणेकरून गणिताची वाट वास्तवापासून ढळू नये.

याच काळात इंदिरा गांधी विमानतळावर धुक्याचा अभ्यास सुरू झाला. २०१५ च्या हिवाळ्यापासून तेथे मनोऱ्यांवरचे संवेदक तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याची सूक्ष्म हालचाल टिपत आले आहेत. धुके कधी उतरेल आणि कधी विरेल, हे आगाऊ कळले तर विमानांचे मार्ग वेळीच बदलता येतात.

मशीन लर्निंग या इतिहासात शिरले ते प्रामुख्याने एका उणिवेमुळे. मानक दर्जाची केंद्रे महाग असतात, म्हणून ती विरळ असतात. स्वस्त संवेदक धुळीवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. पण दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा वाढून येतो. यावर उपाय असा की स्वस्त संवेदक काही काळ मानक यंत्राच्या शेजारी ठेवायचा आणि तापमान-आर्द्रतेनुसार त्याची चूक कशी बदलते, हे संगणकाला उदाहरणांतून शिकू द्यायचे. आयआयटी कानपूरचे सच्चिदानंद त्रिपाठी यांना अशा संवेदकांच्या विस्तृत जाळ्यासाठी आणि त्यांतील माहितीच्या विश्लेषणासाठी २०२३ चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला. आयआयटी दिल्लीत साग्निक डे आणि सहकाऱ्यांनी उपग्रह-निरीक्षणांवरून २००० ते २०१९ या काळातील देशभरच्या पीएम २.५ चा एक किलोमीटर बारकाईचा नकाशा रचला. त्यामुळे जिथे एकही केंद्र नव्हते, त्या गावांच्या हवेचाही अंदाज बांधता आला.

उदाहरणांवरून शिकण्याची ही रीत भारतीय हवामानशास्त्राला नवी नाही. १९०४ ते १९२४ या काळात हवामान खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या ठिकाणांचा हवेचा दाब, हिमालयातील बर्फ आणि मान्सून यांच्यातील संबंध कारकुनांकडून हाताने आकडेमोड करवून शोधले. त्यांतील कित्येक संबंध पुढच्या दशकांत क्षीण झाले. निसर्ग बदलला की जुन्या उदाहरणांवर बेतलेले सूत्र फसते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

दिल्लीच्या भोवती तोच धडा पुन्हा गिरवला जात आहे. पंजाब-हरियाणातील पराली जाळण्याच्या घटना मोजणारे प्रमुख उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. अनेक शेतांत आग त्यानंतर लावली जाऊ लागल्याचे भूस्थिर उपग्रहांच्या निरीक्षणांवरून संशोधकांनी दाखवून दिले. न दिसलेल्या आगी यंत्राच्या लेखी लागलेल्याच नसतात. अशा नोंदींवर शिकलेले प्रतिमान आगींचा वाटा कमी धरील आणि तरीही आत्मविश्वासाने उत्तर देईल. दुसरी अडचण दुर्मिळतेची आहे. ‘अतिगंभीर’ हवेचे दिवस वर्षातून मोजके असतात. सरासरी चूक कमी ठेवण्यास शिकलेले यंत्र नेमक्या त्याच दिवशी आकडा कमी सांगण्याकडे झुकते.

ही चूक कागदावरची राहत नाही. २०२२ पासून दिल्ली आणि परिसरातील निर्बंध अंदाजाच्या आधारे आगाऊ लावता येतात. धोक्याची घंटा विनाकारण वाजली तर बांधकामे थांबतात आणि बिगाऱ्याची रोजी बुडते. वाजायला हवी तेव्हा वाजली नाही तर दम्याचे मूल त्याच हवेत शाळेची वाट धरते. दोन्हीकडे किंमत माणूसच मोजतो. म्हणूनच अंदाजाबरोबर त्यातील अनिश्चितताही सांगितली जाणे आणि अंदाज किती वेळा खरे ठरले याचा हिशेब खुला असणे, हा या विज्ञानाचाच भाग ठरतो.

स्वस्त संवेदक मानक यंत्रावरून सुधारला जातो. त्या मानक यंत्राची पारख शेवटी गाळणकागदाच्या वजनाशीच होते. चार दशकांपूर्वी आग्र्यात वापरलेली ती तराजूची रीत आजही अवघ्या साखळीच्या तळाशी आहे. ती कडी ढिली पडली तर वरचे कोणतेही गणित, कितीही चतुर असले, तरी दिल्लीच्या हवेविषयी खरे काही सांगू शकणार नाही.