मीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो

कांजूरमार्ग स्टेशन ते आयआयटी मेन गेट. रस्ता तोच, वाटेत ट्रॅफिक नाही, तरी दोन रिक्षांच्या भाड्यात दोन-तीन रुपयांचा फरक. पवईकरांना हे नवीन नाही. आपण लगेच म्हणतो, "मीटर फास्ट आहे." असेलही. पण कधीकधी मीटर चोख असतो आणि टायर झिजलेला असतो.

टॅक्सीमीटर १८९१ साली जर्मनीत विल्हेम ब्रून यांनी बनवला. आपला पवई तलाव झाला तोही याच सुमारास. तेव्हापासून युक्ती एकच: चाक किती वेळा फिरलं ते मोजायचं आणि चाकाच्या घेराने गुणायचं. स्पीडोमीटरचंही तेच. फक्त चाकाचा घेर आधीच ठरवलेला असतो. टायर बदलला हे मीटरला कोण सांगणार?

रिक्षाचा टायर साधारण ४२ सेंटीमीटर व्यासाचा, म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम १.३ मीटर. रबर सगळीकडून ६ मिलिमीटर झिजलं की व्यास १२ मिलिमीटरने कमी होतो. चाक तेवढ्याच रस्त्याला जवळपास ३ टक्के जास्त फिरतं. १ फेब्रुवारी २०२५ पासूनच्या दराने (पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४) १० किलोमीटरचे होतात १७२. झिजलेल्या टायरवर १७७. आणि कुणी मुद्दाम १० टक्के लहान टायर चढवला तर १९१. लबाडी आणि झीज यांचा हिशोब एकच, फरक फक्त आकड्याचा.

जुने मेकॅनिकल मीटर आठवतात? टॅक्सीच्या बाहेर डाव्या बाजूला बसवलेले, झेंडा खाली पाडला की "मीटर डाऊन". आकडा १.०० वर अडकलेला आणि खरं भाडं टॅरिफ कार्डावर. किमान अंतर तेव्हा १.६ किलोमीटर, म्हणजे चक्क जुना एक मैल! आतले गियर बदलून मीटर पळवल्याच्या तक्रारी तर इतक्या, की शेवटी इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले. युनियनचा विरोध झाला. हकीम समितीनंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये रिक्षाचं किमान भाडं १५ झालं आणि अंतर दीड किलोमीटर.

गियरची चलाखी त्याने अवघड झाली, हे मान्य. पण हा मीटरही चाकाकडून येणारे फेरेच मोजतो. म्हणून तर भाडं वाढलं की मीटर नव्याने कॅलिब्रेट करून ट्रॅकवर गाडी चालवून तपासतात, सील लावतात. रिक्षावाल्याचा त्यात धंद्याचा वेळ जातो, खर्च वेगळा. आणि तपासणी असते त्या दिवशीच्या टायरची. वर्षभराने तोच टायर गुळगुळीत झालेला असतो, सील मात्र जागच्या जागी. माझ्या मते तपासणीत टायरची अवस्थाही नोंदवायला हवी. प्रवाशासाठी आणि प्रामाणिक रिक्षावाल्यासाठीसुद्धा, कारण शिव्या शेवटी त्यालाच पडतात.

आता गाडीवाल्यांसाठी. हौसेने मोठे टायर बसवलेत तर उलटं होतं. टायर ५ टक्के मोठा असेल तर काटा ६० वर, गाडी ६३ वर. आणि कॅमेरा तुमचा काटा बघत नाही, गाडीचा वेग बघतो. कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात, तेवढी सवलत अशा टायरने खाल्ली जाते. ॲपवाल्या टॅक्सीत फोन अंतर उपग्रहावरून धरतो, त्याला टायरचं सोयरसुतक नाही. त्याचे घोळ वेगळे, त्यावर पुन्हा कधी.

कुणाकडे १.०० वाल्या मीटरच्या काळातलं टॅरिफ कार्ड जपून ठेवलेलं असेल तर फोटो खाली टाका. आणि या आठवड्यात रिक्षात बसाल तेव्हा आधी टायरकडे नजर टाका, मग भाडं किती आलं ते इथे लिहा.