जुनी टर्बो इस्टेट मोटार : किंमत, कामगिरी आणि कागदपत्रे

जबलपूर – राइट टाउनसारख्या वस्तीत राहणाऱ्या कुटुंबाला नागपूर किंवा पुण्याहून जुनी टर्बोचार्ज्ड इस्टेट मोटार आणावयाची असेल, तर केवळ विक्रेत्याने सांगितलेली किंमत पाहून व्यवहार करणे धोक्याचे ठरते. दुरुस्ती, सुटे भाग आणि दुसऱ्या राज्यातील नोंदणी यांचा खर्च मिळून खरी किंमत ठरते.

भारतातील इस्टेट मोटारी

सेदानच्या मागील भागाचे छत लांबवून सामानाला अधिक जागा दिलेल्या मोटारीस इस्टेट किंवा स्टेशन वॅगन म्हणतात. टेल्कोने १९९२ मध्ये टाटा इस्टेट आणली. २००४ मध्ये आलेली टाटा इंडिगो मरिना टर्बो डिझेल इंजिनासहही मिळत असे. औरंगाबादमध्ये (आताचे छत्रपती संभाजीनगर) जुळणी होणाऱ्या स्कोडा ऑक्टाव्हियाची ‘कॉम्बी’ ही इस्टेट आवृत्तीही भारतात विकली गेली. ऑडीने २०१५ मध्ये आणलेल्या आरएस६ अवांतची क्षमता ५६० अश्वशक्ती, तर किंमत सुमारे १ कोटी ३५ लाख रुपये होती. मात्र भारतीय ग्राहकांनी सेदान आणि नंतर एसयूव्ही प्रकारालाच पसंती दिल्याने इस्टेट मोटारी संख्येने थोड्याच राहिल्या. त्यामुळे त्या स्वस्तात मिळू शकतात. परंतु पुन्हा विकताना गिऱ्हाईकही सहज मिळत नाही.

कामगिरीचे गमक

टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर चक्र फिरते आणि इंजिनात अधिक हवा दाबून भरली जाते. ऑक्टाव्हियाच्या आरएस आवृत्तीतील १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन भारतात १५० अश्वशक्ती देत असे. टर्बोचे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते. म्हणूनच योग्य प्रतीचे तेल वेळेवर बदलणे अत्यावश्यक असते. दूरच्या प्रवासानंतर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ संथ चालू ठेवणे हितकारक ठरते.

खरेदीपूर्वी थंड इंजिन सुरू करून पाहावे. निळसर धूर, कर्कश शिट्टीसारखा आवाज, चढावर जोर कमी पडणे किंवा इंटरकूलरच्या नळीत साचलेले तेल ही टर्बो झिजल्याची लक्षणे असू शकतात. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला, याची पावती मागावी. हा पट्टा चालत्या गाडीत तुटल्यास अनेक इंजिनांतील व्हॉल्व्ह वाकतात आणि वाचवलेले पैसे दुरुस्तीतच जातात.

किंमत कशी ठरते?

मोटार विम्याच्या प्रचलित कोष्टकानुसार पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५ टक्के आणि चार ते पाच वर्षांदरम्यान ५० टक्के घसारा धरला जातो. पाच वर्षांनंतरचे विमामूल्य कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून गाडी घेतल्यास त्याच्या नफ्याच्या रकमेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. दोन खाजगी व्यक्तींमधील व्यवहारावर तो लागत नाही.

नोंदणीचे नियम

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. महाराष्ट्रातून आणलेल्या गाडीसाठी मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आवश्यक असते. मालकी बदलासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ द्वारे बोजा उतरवून घ्यावा. त्यानंतर मध्य प्रदेशातील वाहनकर भरून जबलपूरचा ‘एमपी-२०’ क्रमांक मिळतो.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते. तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवता येते. या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आले. २००४-०५ सालची गाडी ही मुदत ओलांडून गेलेली असल्याने नूतनीकरणाची नोंद पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.