मसाविचं श्रेय कोणाचं?

शाळेत मसावि काढायची जी भागाकार पद्धत शिकवतात, तिला जगभर युक्लिडचं नाव आहे. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. इ.स.पू. 300 च्या सुमारास लिहिलेल्या 'एलिमेंट्स'च्या सातव्या खंडाच्या आरंभीच युक्लिड मोठ्या संख्येतून लहान संख्या पुन्हा पुन्हा वजा करायची रीत देतो आणि ती का चालते हे सिद्धही करतो. चीनमधल्या 'गणितकलेचे नऊ अध्याय' या प्राचीन ग्रंथात तीच आलटून पालटून केलेली वजाबाकी आहे, पण हेतू निव्वळ व्यवहाराचा: शेतजमिनीच्या मोजणीच्या प्रकरणात 49/91 ला 7 ने छेद देऊन 7/13 करायचे, बस्स.

भारतात मसावि हे साध्य नव्हतंच, साधन होतं. आर्यभटाने 499 च्या सुमारास सांगितलेला कुट्टक, म्हणजे एका संख्येला कितीने गुणून ठरावीक संख्या मिळवली की दुसरीने निःशेष भाग जाईल हे शोधायची रीत, ग्रहगणितात उपयोगी पडे. भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या 'लीलावती'तलं उदाहरण घ्या: 221 ला कितीने गुणून 65 मिळवले, तर 195 ने निःशेष भाग जाईल? 221 ला 195 ने भागून 26 उरतात, 195 ला 26 ने भागून 13, आणि 13 ने 26 ला पूर्ण भाग जातो. 13 ने तिन्ही संख्यांना छेद दिला की 17, 5 आणि 15 राहतात, उत्तर 5. भास्कराचार्य पुढे बजावतात की भाज्य-हाराला (इथे 221 आणि 195) छेदणारी संख्या क्षेपाला (इथे 65) छेदत नसेल, तर प्रश्नच सदोष. म्हणजे उत्तर आहे की नाही, याचा निवाडाही मसाविच करतो.

ग्रीक ज्योतिषातल्या कल्पना भारतात आल्या, तशी ही रीतही आली असेल, असा आक्षेप घेता येईल. पण युक्लिड मधले भागाकार सोडून देतो; कुट्टकात तेच एकाखाली एक मांडून वल्ली करतात आणि खालून वर गुणत उत्तराला पोचतात. उसनवारीने ही अर्धी वाट समजावता येत नाही. सूत्रांमध्ये सिद्धता नाही, हा दुसरा आक्षेप मात्र मान्यच करावा लागेल. तो मान युक्लिडचा. पण सिद्धता नसली तरी परंपरा खुंटली नाही: चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, आणि त्याची नोंद 1207 च्या शिलालेखात आहे.