कॉलेजच्या फाटकाआतली सभा

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८४८ साली विद्यार्थी आणि तरुण शिक्षक यांनी मिळून ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. दादाभाई नौरोजी तिच्यात होते. ठरलेल्या दिवशी जमायचे, कोणी तरी निबंध वाचायचा आणि मग त्यावर चर्चा करायची, असा शिरस्ता होता. मराठी बोलणाऱ्यांसाठी तिच्याच अंगाने उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा उभी राहिली. धर्म आणि राजकारण हे विषय सभेत आणायचे नाहीत, हे बंधन मात्र घालून घेतलेले होते. सरकारी शिक्षणसंस्थेच्या छपराखाली जमायचे तर तेवढे पथ्य पाळावे लागणारच. तरीही याच मंडळींनी पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि शहरातल्या सनातनी घरांना त्याचा जो धक्का बसला, तो कुठल्याही धर्मचर्चेने बसला नसता. बोलण्याचे विषय आखून दिले, म्हणून विचार त्या आखणीत राहतोच असे नाही, हे महाराष्ट्रातल्या कॉलेजांनी इतक्या लवकर पाहिले.

पुण्यात हा प्रश्न अधिक टोकदार झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज काढले ते स्वदेशी माणसांच्या बळावर. पण त्याला नाव मिळाले मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांचे, आणि चालवायला सरकारी अनुदानाचा आधार लागत असे. कॉलेजच्या शिस्तीचा विचार त्यामुळे कधीच निव्वळ शिस्तीचा राहिला नाही. तास वेळेवर व्हावेत, परीक्षा सुरळीत पार पडाव्यात, ही काळजी खरी होती. तिच्या पाठीशी अनुदान बंद होण्याची धास्तीही तितकीच खरी होती. कॉलेजांच्या नियमांचा इतिहास वाचताना या दोन्ही गोष्टी नेहमी वेगळ्या कराव्या लागतात, कारण नियमाच्या भाषेत त्या एकच होऊन येतात.

ऑक्टोबर १९०५ मध्ये, दसऱ्याच्या सुमारास, वंगभंगाच्या निषेधात पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. पुढाकार फर्ग्युसनच्या विद्यार्थ्यांचा होता आणि त्यांचे पुढारी होते बी.ए.च्या वर्गातले विनायक दामोदर सावरकर. कपड्यांच्या ढिगाची मिरवणूक निघाली, लकडी पुलापलीकडे होळी पेटली आणि तिथे टिळकांचे भाषण झाले. कॉलेजच्या आवारात यातले काहीही घडले नव्हते. एकही तास बुडवला गेला नव्हता, एकही बाक मोडला नव्हता. तरी प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी सावरकरांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. केंब्रिजचे सीनिअर रँग्लर असलेले परांजपे काही प्रतिगामी नव्हते. बुद्धिवाद आणि समाजसुधारणा यांचे ते आयुष्यभर कैवारी राहिले. पण संस्था जगवायची तर विद्यार्थ्यांना राजकारणापासून दूर ठेवलेच पाहिजे, असे त्यांचे मत होते. टिळकांनी ‘केसरी’त ‘हे आमचे गुरूच नव्हेत’ या मथळ्याचा अग्रलेख लिहून असल्या शिक्षकांना धारेवर धरले.

या प्रकरणाचा खरा मुद्दा दहा रुपयांचा नव्हता. कॉलेजचे फाटक नेमके कुठे संपते, हा होता. वर्गात गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा करण्याचा अधिकार प्राचार्यांना असतो, याबद्दल तेव्हाही कोणाची तक्रार नव्हती. आवाराबाहेर, नागरिक म्हणून केलेल्या कृतीबद्दल तोच अधिकार वापरला गेला, तेव्हा शिस्त आणि मुस्कटदाबी यांमधली रेषा पुसली गेली. परांजपे यांची बाजू समजून घेता येते, पण हा निर्णय चुकीचाच होता.

त्याच महिन्यात बंगालमध्ये कार्लाइल परिपत्रक निघाले. विद्यार्थी बहिष्कार आणि निदर्शने यांत सापडले तर त्यांच्या शाळा-कॉलेजांचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या काढून घेऊ, अशी धमकी त्यात होती. १९०७ मध्ये भारत सरकारचे गृहसचिव रिस्ले यांच्या परिपत्रकाने हे धोरण देशभर नेले. परिणाम सरकारला हवा होता त्याच्या उलट झाला. बंगालमध्ये परिपत्रकाविरुद्धच मंडळे उभी राहिली आणि राष्ट्रीय शिक्षणाची चळवळ जोर धरू लागली. महाराष्ट्रात असहकाराच्या काळात सरकारी कॉलेजे सोडणाऱ्यांसाठी १९२१ मध्ये पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. आवारात बोलू दिले नाही, तेव्हा विद्यार्थ्यांसाठी नवे आवारच बांधले गेले.

फर्ग्युसनच्याच आवारात २२ जुलै १९३१ रोजी जे घडले, ते मात्र वेगळ्या जातीचे होते. कॉलेजच्या निमंत्रणावरून आलेले हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन वाडिया ग्रंथालय पाहत असताना वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी अडली आणि हॉटसन वाचले. सोलापूरच्या मार्शल लॉमधल्या अत्याचारांचा हा सूड होता. गोगटे यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. १९३७ मध्ये ते सुटले. देशभक्तीच्या इतिहासात या प्रसंगाला त्याचे स्थान आहे, पण अभिव्यक्तीच्या प्रश्नात तो बसत नाही. पुस्तकांच्या कपाटांमध्ये पिस्तूल निघाले की बोलण्याची सोय कोणालाच उरत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत कॉलेजांनी लेखी कायद्याशिवायच एक व्यवस्था घडवली. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत उभारलेल्या सिद्धार्थ कॉलेजात विद्यार्थ्यांची ‘पार्लमेंट’ भरत असे आणि स्वतः बाबासाहेब तिच्यापुढे बोलले होते. इतर ठिकाणी वादविवाद मंडळ, वक्तृत्व स्पर्धा, गॅदरिंग आणि भित्तिपत्रक यांनी तेच काम केले. भित्तिपत्रकाची रीत पाहण्यासारखी होती. कार्डशीटवर सुवाच्य हस्ताक्षरात लेख आणि कविता उतरवायच्या, कडेने स्केचपेनची वेलबुट्टी काढायची, मराठी विभागाच्या प्राध्यापकांची सही घ्यायची आणि मग शिपायाकडून किल्ली घेऊन काचेच्या फळ्यात ते लावायचे. फळा जिन्याजवळ असे, म्हणून तास सुटला की वाचणाऱ्यांची गर्दी तिथे आपोआप जमे आणि पुढच्या घंटेला आपोआप पांगे. सही घेताना एखादी ओळ गळायची, कधी अख्खी कविता परत यायची. तक्रारी असत आणि त्या रास्तही असत. पण जागा ठरलेली होती, वेळ ठरलेली होती आणि वर्गातल्या शिकवण्याला त्याची झळ लागत नसे. कशावर बोलू नये, हे सांगण्यापेक्षा कुठे आणि केव्हा बोलावे, हे सांगणारी ही रीत आधीच्या सगळ्या परिपत्रकांपेक्षा शहाणी होती.

ती पुरेशी ठरली नाही, कारण प्रश्न कविता आणि वादविवाद यांपुरते राहिले नाहीत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. विरोधाची सुरुवात विद्यार्थ्यांच्या मोर्चांनी आणि बंदने झाली. पाहता पाहता त्याचे रूपांतर दलित वस्त्यांवरच्या हल्ल्यांत झाले. माणसे मारली गेली, घरे जाळली गेली. नामांतराच्या बाजूनेही विद्यार्थीच सर्वांत पुढे होते, लाँग मार्च, सत्याग्रह आणि तुरुंगवास पत्करून. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हा साडेपंधरा वर्षे गेली होती. एका बाजूच्या घोषणा आणि दुसऱ्या बाजूची राखरांगोळी यांना ‘आंदोलन’ या एकाच शब्दाखाली मोजता येत नाही, हे त्या काळात फार थोड्या अधिकाऱ्यांनी ओळखले.

इकडे कॉलेजांच्या निवडणुकाही बिघडत चालल्या होत्या. सी.आर. (वर्ग प्रतिनिधी), एल.आर. (मुलींची प्रतिनिधी) आणि जी.एस. (सरचिटणीस) ही पदे मुळात वर्गाच्या अडचणी मांडण्यासाठी आणि गॅदरिंग पार पाडण्यासाठी होती. पक्षांचे पैसे आले, जीपगाड्या आल्या, उमेदवार पळवणे आणि मारामाऱ्या आल्या. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतर १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक बंद केली. आधीच्या परीक्षेत सर्वाधिक गुण मिळवणारा वर्ग प्रतिनिधी झाला, खेळ, एन.एस.एस., एन.सी.सी. आणि सांस्कृतिक विभागातली नावे प्राचार्य ठरवू लागले. आणि या मोजक्या मुलांमधून सचिव निवडला जाऊ लागला. कॉलेजे शांत झाली, यात शंका नाही. पण खून करणाऱ्यांचा अपराध राज्यातल्या लाखो मुलामुलींच्या मतदानाच्या हक्कातून वसूल केला गेला. गणितात पहिली आलेली मुलगी वसतिगृहाच्या पाण्याबद्दल प्राचार्यांशी भांडेलच, असे गृहीत धरायला काहीच आधार नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाने पुढे माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या शिफारशी सप्टेंबर २००६ मध्ये अंतरिम आदेशाने लागू केल्या. समितीने निवडणूक हाच मूळ मार्ग मानला. नेमणुकीची पद्धत ही जिथे वातावरण अगदीच बिघडले आहे तिथली तात्पुरती सोय. मग बंधने आली, आणि ती बारकाईने घातलेली होती. एका उमेदवाराने ५,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. छापील पोस्टर नको. हाताने केलेले चालेल, तेही आधी जाहीर केलेल्या जागीच. प्रचाराला ध्वनिवर्धक, वाहने आणि जनावरे वापरायची नाहीत. मिरवणुकीने किंवा सभेने तास बंद पडता कामा नयेत. यात कोणत्याही मतावर बंदी नाही. हाताने पोस्टर रंगवायला वेळ लागतो, मित्र लागतात, आणि पैसेवाल्याला त्यात फायदा मिळत नाही. जिन्याजवळच्या भित्तिपत्रकाचे शहाणपण इथे निवडणुकीच्या नियमात उतरले.

निवडणुकीपलीकडच्या प्रश्नावर तिढा कसा चिघळतो, हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये २०१५ साली दिसले. नियामक मंडळाच्या अध्यक्षपदावरील नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप १२ जूनला सुरू झाला आणि १३९ दिवस चालला. ‘विस्डम ट्री’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाखाली सभा होत, त्याने कोणाचे अडत नव्हते. ऑगस्टमध्ये २००८ च्या तुकडीच्या अपुऱ्या कामांचे मूल्यमापन करण्याच्या निर्णयावरून संचालकांना त्यांच्या खोलीत तासन्‌तास घेराव घातला गेला. मग मध्यरात्री आवारात पोलीस आले आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. झाडाखालची सभा आणि खोलीतला घेराव यांत फरक होताच. पण मूल्यमापनाचा वाद मध्यरात्रीच्या अटकेवर जावा, इतके त्याचे वजन नव्हते.

२०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका पुन्हा कायद्यात आणल्या. २०१९ मध्ये त्या घेण्याचे ठरले, पण विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आल्याने पुढे ढकलल्या गेल्या. पुढच्या वर्षी करोनाची साथ आली आणि कॉलेजांच्या फाटकांनाच कुलपे लागली.